ओठांचा आलेख

‘बाय बॉबी अ पपी’. बॉबीला कुत्र्याचं पिल्लू घेऊन दे, एवढाच या वाक्याचा अर्थ. अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठात ॲन स्मिथ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते लहान-मोठ्यांकडून पुन्हा पुन्हा म्हणवून घेतलं. त्यात ‘प’ आणि ‘ब’ ठासून भरलेले आहेत आणि ही ओष्ठ्य व्यंजनं ओठ मिटल्याशिवाय उच्चारता येत नाहीत. ओठांवर चिमुकले इन्फ्रारेड दिवे चिकटवले, की वाक्य संपेपर्यंत ओठ कसे वरखाली झाले याचा आलेख मिळतो.

तेच वाक्य दहा वेळा म्हटलं, तर आलेख दहा. वेगाचा आणि हालचालीच्या आकाराचा फरक गणिताने काढून टाकून ते एकमेकांवर ठेवायचे आणि किती जुळतात ते मोजायचं. स्मिथ यांच्या गटाने 1995मध्ये त्यासाठी एक निर्देशांक मांडला. आलेख तंतोतंत जुळले तर तो लहान येतो, विखुरले तर मोठा.

चार-पाच वर्षांच्या मुलांचे आलेख चांगलेच विखुरतात. कानाला त्यांचं वाक्य स्वच्छ ऐकू येतं, पण ओठ आणि जबडा दर वेळी थोडी वेगळी वाट धरतात. वय वाढतं तशी ही वाट पक्की होत जाते. मात्र चौदाव्या वर्षीही ती मोठ्यांइतकी पक्की झालेली नसते, असं 2004च्या अभ्यासात दिसलं. उतारवयात बोलण्याचा वेग मंदावतो आणि आलेख पुन्हा थोडे सैल होतात.

तोतरेपणाकडे पाहायची नवी नजर इथे मिळते. तो बहुधा दोन ते पाच वर्षांच्या दरम्यान सुरू होतो. मूल शब्दाला शब्द जोडून लांब वाक्यं करू लागतं, नेमका तोच हा काळ. साधारण 5 टक्के मुलं कधी ना कधी अशी अडखळतात. मोठ्यांमध्ये हे प्रमाण सुमारे 1 टक्का उरतं. म्हणजे बहुतेकांचं अडखळणं सुटतं. सुरुवातीला मुलगे आणि मुली यांच्यात फारसा फरक नसतो. पण मुलींचं अधिक सुटतं, त्यामुळे मोठेपणी एका स्त्रीमागे सुमारे चार पुरुष अडखळताना दिसतात.

सन 2000मध्ये क्लाइनो आणि स्मिथ यांनी तोतरेपणा असलेल्या प्रौढांची अस्खलित वाक्यंच तेवढी तपासली. साध्या वाक्यातही त्यांचे आलेख न अडखळणाऱ्यांपेक्षा कमी जुळत. तेच शब्द गुंतागुंतीच्या रचनेच्या वाक्यात गुंफले की जुळणी आणखी ढासळे. न अडखळणाऱ्यांवर तसा परिणाम झाला नाही. थोडक्यात, कानाला काहीच जाणवत नसतानाही आत स्नायूंच्या मेळावर ताण येत असतो. वाक्यरचना मेंदूच्या एका कप्प्यात आणि ओठांची हालचाल दुसऱ्या कप्प्यात, अशी काटेकोर वाटणी नसते. एकीचा भार दुसरीवर पडतो.

म्हणून ‘घाबरतो म्हणून अडखळतो’ हे निदान अपुरं आहे. भीतीने अडखळणं वाढतं, पण मुळाशी मज्जासंस्थेची जडणघडण असते आणि त्यात आनुवंशिकतेचाही वाटा असतो. डेनिस ड्रेना यांच्या गटाने पाकिस्तानी कुटुंबांपासून सुरुवात करून 2010मध्ये तोतरेपणाशी निगडित तीन जनुकं दाखवून दिली. मधात वेखंड उगाळून चाटवण्याने जनुकं बदलत नाहीत, की ‘नीट बोल’ म्हणून दटावण्यानेही. दटावणी उलट भारात भरच घालते.

घरच्यांना हा भार हलका करता येतो. आपण स्वतः सावकाश बोलावं, एका वेळी एकच प्रश्न विचारावा, मुलाचं वाक्य तोडू नये आणि त्याच्या वतीने पूर्णही करू नये. ‘होईल आपोआप’ हे बहुतेकांच्या बाबतीत खरं ठरतं, पण कोणाच्या, हे आधी खात्रीने सांगता येत नाही. घरात मोठेपणीही अडखळणारं कोणी असेल किंवा अडखळणं सहा महिन्यांहून जास्त टिकलं असेल, तर वाट पाहत बसू नये. शाळेत जाण्याआधीच वाचा-उपचारतज्ज्ञाला दाखवावं, कारण बोलण्याची वाट अजून पक्की व्हायची असते तोवरच ती वळवणं सोपं असतं.