क्रमाचा भरवसा

सर्व्हरची प्रणाली अद्ययावत केल्यानंतर, कालपर्यंत बिनतक्रार चाललेली पर्लची स्क्रिप्ट कधी अचूक उत्तर देते आणि कधी ‘५००’ हा त्रुटिक्रमांक दाखवून थांबते, तेव्हा साहजिकच संशय यंत्रावर जातो; परंतु मूळ पुष्कळदा स्क्रिप्टमध्येच असते. २०१३ साली आलेल्या पर्ल ५.१८ पासून ‘हॅश’ नामक संग्रहातील नोंदींचा क्रम प्रत्येक प्रक्रियेगणिक बदलू लागला. हा बदल हेतुपुरस्सर, आणि माझ्या मते सर्वस्वी योग्य होता. कारण नोंदी हॅशच्या कोणत्या खणात पडणार हे ज्यास आधी कळते, तो त्या सर्व एकाच खणात कोंबून सर्व्हरला जेरीस आणू शकतो.

जुन्या क्रमावर विसंबलेल्या अशाच एका स्क्रिप्टमध्ये गाव आणि जन्मतारीख या रकान्यांची नावे हाताने लिहिलेली होती, मूल्ये मात्र हॅशमधून येतील त्या क्रमाने घेतलेली. क्रम उलटला की तारखेच्या रकान्यात ‘सातारा’ जाई आणि डेटाबेस ती नोंद नामंजूर करी. अशा वेळी प्रथम एरर लॉग बारकाईने वाचावा, मग चाचणीपुरते हॅशचा क्रम ठरवणारे बीज शून्यावर स्थिर करावे. त्रुटीचा लपंडाव तेवढ्याने थांबला, तर निदान पक्के समजून प्रत्येक मूल्य त्याच्या नावानेच मागून घ्यावे.