एका मुशींतील दोन तबकड्या

एकाच मुशींतून निघालेल्या दोन वस्तूंपैकीं जी प्रथम बाजारांत येते ती अस्सल, आणि मागाहून येते तें उरलेंसुरलें, असा रसिकांचा सहज ग्रह होतो. इंग्लंडांतील 'रेडिओहेड' या रॉक वाद्यवृंदाची 'ॲम्नेशियाक' ही तबकडी अशा ग्रहाला बळी पडली. ती जून २००१ मध्यें निघाली. तिची थोरली बहीण 'किड ए' ऑक्टोबर २००० मध्यें. ध्वनिमुद्रण मात्र दोहोंचें १९९९ व २००० सालच्या त्याच बैठकींत, नायजेल गॉड्रिच यांच्याच देखरेखीखालीं झालेलें.

१९९७ सालच्या 'ओके कॉम्प्युटर'नें मिळवून दिलेली कीर्तिच या पांच जणांस जड झाली होती. म्हणून 'किड ए'मध्यें गिटार मागें सरते आणि शीर्षकगीतांत मानवी कंठालाही यंत्राच्या चाळणींतून जावें लागतें. 'इडिओटेक' हें गीत तर अमेरिकन संगीतकार पॉल लान्स्की यांनीं १९७३ सालीं संगणकावर रचलेल्या कृतीच्या एका तुकड्यावर उभें आहे. या तबकडींतील एकही गीत सुटें विक्रीस काढलें नाहीं. ती सलग ऐकावी हाच हट्ट.

'ॲम्नेशियाक' इतकी एकजीव नाहीं, हें मान्य केलें पाहिजे. पण तिच्यांत ऊब अधिक आहे. 'पिरॅमिड साँग'मधील पियानो आणि शेवटीं ऐंशीच्या उंबरठ्यावरील जाझवादक हंफ्री लिटल्टन यांच्या ताफ्याची साथ, यांस टाकाऊ कोण म्हणेल? 'लाइक स्पिनिंग प्लेट्स' तर एका दुसऱ्या गीताचें मुद्रण उलटें फिरवून घडविलें आहे. तें मूळ गीत पुढें २००३ सालीं स्वतंत्रपणें प्रसिद्ध झालें.

परीक्षा पाहावयाची तर 'मॉर्निंग बेल' ऐकावें, कारण तें दोन्ही तबकड्यांवर आहे. पहिल्या रूपांत पांच मात्रांचा ठेका न थांबतां पुढें ढकलीत नेतो. दुसऱ्यांत ठेक्याचा तो जोर ओसरतो, गति मंदावते, आणि पूर्वीं घाईंत निसटलेलें दुःख समोर येऊन बसतें. चीज तीच, पण दुसरें रूप ऐकल्यावर पहिलें पुन्हां ऐकावेसें वाटतें.

नोव्हेंबर २०२१ मध्यें दोन्ही तबकड्या 'किड ए म्नेशिया' या नांवानें एकत्र निघाल्या. सोबत त्या काळांतील अप्रकाशित सामग्रीची तिसरी तबकडी जोडली होती. उरलेंसुरलें जें कांहीं होतें, तें या तिसरींत आहे.