पोलादाला पाणी पाजताना

वर्कशॉपमधली कानस, आमरसाच्या डब्याचं झाकण कापणारी डाय आणि परसात वापरायची कोयती. तिघींचं नशीब ठरतं ते भट्टीत आणि भट्टीतून बाहेर आल्यावरच्या काही मिनिटांत!

इंजिनीअरिंगच्या पहिल्या वर्षाला असा, पॉलिटेक्निकला असा नाहीतर आयटीआयला, एक अनुभव सगळ्यांचा सारखाच असतो. फिटिंगचा जॉब! बेंच वाइसमध्ये माइल्ड स्टीलचा चौकोनी तुकडा पकडायचा आणि कानशीने घासत बसायचं. तळहाताला फोड येतात, शर्ट घामाने भिजतो आणि इतकं करून ट्राय स्क्वेअर लावला की सर म्हणतात, ‘अजून उजेड दिसतोय, घास.’ या सगळ्या वैतागात एक साधा प्रश्न विचारायचा राहूनच जातो. कानस पोलादाची, जॉबही पोलादाचाच. मग दर वेळी झिजतो तो जॉबच का?

रत्नागिरीच्या पोरांनी तर हा प्रश्न विचारायलाच हवा. रेमंड समूहातल्या जेके फाइल्सचे कारखाने आपल्या रत्नागिरीत आणि चिपळूणमध्ये आहेत. कानशी बनवणाऱ्या जगातल्या मोठ्या कंपन्यांमध्ये तिचं नाव घेतलं जातं. रत्नागिरीची ओळख सांगताना आपण हापूस, काजू आणि मासळीवर थांबतो. पण देशभरातल्या वर्कशॉपमध्ये जी कानस पोरांचे हात सोलून काढते, तिच्यातली कित्येकदा आपल्याच जिल्ह्यातून गेलेली असते.

तर उत्तर दोन भागांत आहे. पोलादात काय आहे हा पहिला भाग आणि त्या पोलादावर काय केलंय हा दुसरा. परीक्षेत पहिला भाग जास्त मार्कांचा असतो. कारखान्यात मात्र बहुतेक वेळा दुसराच पैसे मिळवून देतो किंवा घालवतो.

‘कोल्ड वर्क’ म्हणजे नक्की काय?

टूल स्टील म्हणजे इतर धातूंना कापायला, वाकवायला, दाबायला वापरायचं पोलाद. त्यातल्या एका मोठ्या गटाला ‘कोल्ड वर्क टूल स्टील’ म्हणतात. नाव ऐकून अनेकांना वाटतं की हे पोलाद थंड असताना ठोकून बनवलेलं असणार. तसं नाही. ज्या मालावर काम करायचंय तो माल गार असतो, म्हणजे साध्या तापमानाला असतो, एवढाच त्याचा अर्थ. कामाच्या वेळी हत्यार साधारण २०० अंश सेल्सिअसच्या वर तापत नाही. लालबुंद लोखंड दाबणाऱ्या फोर्जिंगच्या डायसाठी ‘हॉट वर्क’चा वेगळा गट आहे.

या कोल्ड वर्क गटाची कामं तुमच्या रोजच्या वापरातली आहेत. जेवायचं स्टीलचं ताट, बाइकच्या चेनच्या पट्ट्या, नट-बोल्टखालचा वायसर, सोड्याच्या बाटलीचं बूच, कॅनिंगमध्ये भरलेल्या आमरसाच्या डब्याचं झाकण. हे सगळं पत्र्यातून पंच आणि डायने कापलेलं किंवा दाबलेलं असतं. जुनं प्लास्टिक भरडणाऱ्या मशीनची पाती आणि पत्रा कापायच्या शिअरची पातीसुद्धा याच घराण्यातली. आणि हो, कानशीसाठी लागणारं साधं जास्त कार्बनवालं पोलादही आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात याच गटात, त्यातल्या बिनमिश्र शाखेत बसतं.

गणपतीच्या गर्दीतला कार्बन

फरक सुरू होतो कार्बनपासून. तुमच्या जॉबच्या माइल्ड स्टीलमध्ये कार्बन असतो ०.२ टक्क्यांच्या आसपास. कानशीत तो सुमारे १.२ टक्के. पण एवढ्यानेच कानस कठीण होत नाही. भट्टीत ठेवून सावकाश गार केलेली कानस इतकी मऊ असते की तिच्यावर दुसरी कानस सहज चालेल.

आता खरी गंमत. पोलाद साधारण ७२७ अंशांच्या वर गेलं की त्यातल्या लोखंडाच्या अणूंची मांडणी बदलू लागते. या नव्या मांडणीला ऑस्टेनाइट म्हणतात. तिच्यात कार्बनच्या अणूंना शिरायला भरपूर जागा असते. हेच पोलाद सावकाश गार केलं, तर कार्बनला बाहेर पडायला वेळ मिळतो आणि पोलाद मऊ राहतं. पण तापलेलं पोलाद एकदम पाण्यात किंवा तेलात बुडवलं तर? गणपतीला मुंबईहून सुटलेल्या कोकण रेल्वेचा जनरल डबा आठवा. दारं बंद झाली, आतले आतच अडकले, हात हलवायला जागा नाही. कार्बनचं नेमकं हेच होतं. अणूंची मांडणी ताणली जाते, आणि ताणलेल्या त्या रचनेला म्हणतात मार्टेन्साइट. ॲडॉल्फ मार्टेन्स या जर्मन धातुशास्त्रज्ञाच्या नावावरून आलेला हा शब्द. कठीणपणा येतो तो या कोंडलेल्या कार्बनमुळे.

आपल्याकडच्या लोहारांनी या क्रियेला केव्हाच नाव देऊन ठेवलंय, ‘पाणी पाजणे’. ‘पाणीदार’ हत्यार म्हणतो ते यावरूनच.

आधी मऊ, मग कठीण

कानस बनवण्याची रीत पाहिली की क्रमाचं महत्त्व कळतं. पट्टीला आकार दिला की आधी ती ॲनिलिंग करून मऊ करतात. मग घासून सपाट करतात आणि छिन्नीसारख्या हत्याराने एकेक करत दाते उठवतात. कठीण पोलादावर दाते उठणारच नाहीत, म्हणून हे सगळं आधी. त्यानंतर दात्यांवर लेप चढवतात. कारण उघड्या आगीत पृष्ठभागावरचा कार्बन जळून जातो आणि दात्यांची टोकं मऊ पडतात. मग वितळलेल्या मिठाच्या कुंडात कानस तापवून मिठाच्या पाण्यात बुडवतात. साधं पाणी बुडवल्याबरोबर उकळून वाफेचा पडदा धरतं आणि गार होण्याचा वेग कमी होतो. मिठाच्या पाण्यात तो पडदा पटकन फुटतो.

बाहेर आलेल्या कानशीचा कठीणपणा रॉकवेल सी मापावर साठीच्या वर जातो. हे माप म्हणजे हिऱ्याचा शंकू १५० किलोच्या भाराने दाबायचा आणि तो किती खोल रुतला ते बघायचं. पण मूठ बसवायची शेपटी मात्र मुद्दाम मऊ ठेवतात. तीही तेवढीच कठीण ठेवली तर जोर लावताना काडकन तुटून तळहातात घुसेल. एकाच तुकड्याच्या एका टोकाला कठीणपणा आणि दुसऱ्या टोकाला चिवटपणा!

डी टू का लागतं?

मग सगळ्या डाय कानशीच्याच पोलादाच्या का नाही बनवत? कारण पाण्यात बुडवणं म्हणजे जोराचा झटका. वरचा थर आधी गार होतो, गाभा नंतर. त्यात मार्टेन्साइट होताना पोलाद किंचित फुगतं. चपटी कानस थोडी वाकली तर सरळ करता येते. नाजूक कोपरे आणि भोकं असलेली डाय वाकली किंवा तडकली तर भंगारात.

डब्याच्या झाकणाचा पत्रा साधारण पाव मिलिमीटरचा. पंच आणि डाय यांच्यात एका बाजूला ठेवायची फट पत्र्याच्या जाडीच्या ५ टक्के धरली, तर ती येते ०.०१ मिलिमीटरच्या थोडी वर. म्हणजे आपल्या केसाच्या जाडीपेक्षा कितीतरी कमी. इथे ‘थोडंसं वाकलं’ चालतच नाही.

म्हणून तेलात गार होणारी आणि हवेत गार होणारी पोलादं आली. आपल्याकडच्या टूल रूममध्ये तीन नावं सतत कानावर पडतात. पहिलं ओएचएनएस. ०.९ टक्क्यांच्या आसपास कार्बन, तापमान साधारण ८०० अंश, मग तेल. स्वस्त आणि सोपं. दुसरं डी थ्री, ज्याला जुनी मंडळी एचसीएचसीआर म्हणतात. कार्बन २ टक्क्यांच्या वर, क्रोमियम १२च्या आसपास. झिजेला दमदार, पण ठिसूळ. आणि तिसरं डी टू. १.५ टक्के कार्बन, १२ टक्के क्रोमियम, जोडीला थोडं मॉलिब्डेनम आणि व्हॅनेडियम.

डी टूच्या आत क्रोमियम आणि कार्बनचे कडक कण पसरलेले असतात, काँक्रीटमध्ये खडी असते तसे. पत्रा लाखो वेळा घासून गेला तरी हे कण झिजेला आवर घालतात. शिवाय हे पोलाद हवेतसुद्धा कठीण होतं, त्यामुळे झटका कमी बसतो आणि आकार फारसा हलत नाही.

आपल्या किनाऱ्यावर इथे एक फसगत होते. १२ टक्के क्रोमियम म्हणजे स्टेनलेसच की, असं वाटतं. पण त्यातलं बरंचसं क्रोमियम त्या कणांत अडकून पडलेलं असतं, गंज रोखायला मोकळं उरतच नाही. खाऱ्या वाऱ्यात, त्यात जूनच्या दमटपणात डी टूची डाय तेल न लावता ठेवली तर ती गंजणारच.

एका दुपारीत सगळी मेहनत

डी टूची डाय मशीनवर घडायला कित्येक दिवस जातात. तिची हीट ट्रीटमेंट होते एखाद-दोन दिवसांत. पण सगळी मेहनत मातीत जाऊ शकते ती नेमकी तेव्हाच. म्हणून पायऱ्या नीट समजून घ्या.

आधी प्रीहीट, साधारण ६५० अंशांवर आणि मग ८५०च्या आसपास. बाहेर आणि गाभ्यात तापमान सारखं व्हावं म्हणून हे थांबे. मग सुमारे १०१० ते १०४० अंश. तिथे ठरलेला वेळ ठेवून हवेत किंवा व्हॅक्यूम भट्टीत वायूच्या दाबाने गार करणं. आणि सगळ्यात महत्त्वाची पायरी, टेम्परिंग. डाय ५०-७० अंशांवर, म्हणजे हाताला चांगली गरम लागेल इतकी आली की लगेच टेम्परिंगच्या भट्टीत. ‘उद्या सकाळी बघू’ म्हणून रात्रभर तशीच ठेवली, तर आतल्या ताणाने ती आपोआप तडकू शकते, कुणी हात न लावता.

टेम्परिंग म्हणजे थोडा कठीणपणा सोडून चिवटपणा विकत घेणं. २०० अंशांवर केलं तर कठीणपणा ६०च्या आसपास राहतो. ५०० अंशांच्या वर केलं तर तो थोडा उतरतो, पण आतला ताण चांगलाच निघतो. नंतर वायरकट करायचं असेल तर हाच मार्ग बरा. डी टूला टेम्परिंग किमान दोनदा लागतं. पहिल्या खेपेला उरलेल्या ऑस्टेनाइटमधून नवं मार्टेन्साइट तयार होऊ शकतं, आणि त्यालाही टेम्पर करावं लागतं.

पाट्याची कोयती आणि यूट्यूबचा चाकू

कोकणातला लोहार कोयतीसाठी कानस घेत नाही. तो घेतो गाडीच्या स्प्रिंगचा जुना पाटा. त्यात कार्बन असतो अर्ध्या टक्क्याच्या थोडा वर. कोयतीला नारळाच्या सोडणावर आणि फांदीवर घाव घालायचे असतात. घाव सोसायला कठीणपणापेक्षा चिवटपणा जास्त लागतो. कोष्टक हाताशी नसतानाही अनुभवाने केलेली ही अचूक निवड आहे.

उलट हल्ली व्हिडिओ बघून जुन्या कानशीचा चाकू करायचं फॅड आलंय. कानशीला टेम्परिंग फारच कमी केलेलं असतं. ती तशीच ग्राइंड करून तिच्यावर हातोडी मारली तर कपची उडून डोळ्यात जाऊ शकते. ग्राइंडरवर धार निळी पडली, तर तापमान ३०० अंशांच्या आसपास गेलं आणि त्या जागचं पाणी उतरलं असं समजा. धार तिथे टिकणार नाही. कानस साफ करायलासुद्धा वाइसवर आपटू नका, त्यासाठी तारेचा ब्रश असतो.

यात करिअर आहे का?

आहे, आणि गर्दी कमी आहे. आयटीआयमध्ये ‘टूल अँड डाय मेकर’ हा स्वतंत्र ट्रेड आहे. छत्रपती संभाजीनगरच्या इंडो जर्मन टूल रूममध्ये याच विषयाचे अभ्यासक्रम चालतात. धातूंच्या आत शिरायचं असेल तर पुण्याच्या सीओईपीमध्ये मेटलर्जीचा विभाग आहे. कॅडवर डायचं चित्र काढणारे पुष्कळ सापडतात. डाय तडकल्यावर तुटलेला भाग बघून चूक डिझाइनची, भट्टीची की ग्राइंडिंगची हे सांगणारा माणूस मात्र शोधावा लागतो.

प्रोजेक्टवाल्यांनो, ऑर्डर देण्याआधी…

* हीट ट्रीटमेंट कुठे करणार ते आधी ठरवा, स्टील नंतर घ्या. व्हॅक्यूम भट्टी प्रत्येक एमआयडीसीत नसते. कोल्हापूर किंवा पुण्याला जाण्या-येण्याचे दिवस सबमिशनच्या तारखेतून वजा करा.
* दोन-चारशे तुकडे काढायचे असतील तर ओएचएनएस पुरतं. सरसकट डी टू लिहू नका, व्हायव्हात ‘का?’ विचारतील.
* ड्रॉइंगवर धारदार आतले कोपरे ठेवू नका, गोलाई द्या. भोक कडेच्या फार जवळ नको. तडे इथूनच सुरू होतात.
* शेवटच्या ग्राइंडिंगसाठी थोडा माल राखून ठेवा.
* ड्रॉइंगवर नुसतं ‘हार्डन’ लिहू नका. ग्रेड, हवा असलेला कठीणपणा आणि ‘दोनदा टेम्परिंग’ असं स्पष्ट लिहा. परत आल्यावर रॉकवेल मशीनवर स्वतः तपासा.
* आणि डायला तेल लावून, कागदात गुंडाळून ठेवा. समुद्र जवळ आहे!