विश्लेषण : शिकागोच्या पाच वर्षं आधी मुंबईत वाजलं ‘अ‍ॅसिड हाऊस’? काय आहे चरणजित सिंग यांच्या अल्बमची गोष्ट?

लासलगावात लग्नसराईत वरात निघाली की बेंजो पार्टीच्या गाडीवर ऑक्टोपॅड असतोच. हा शब्द आपल्याकडे ताशाइतकाच रुळलाय, पण मुळात ते रोलँड या जपानी कंपनीच्या वाद्याचं नाव. ते १९८५ मध्ये बाजारात आलं. त्याच्या तीन वर्षं आधी याच कंपनीची तीन यंत्रं घेऊन मुंबईतल्या एका वादकानं दहा राग वाजवले होते. तेव्हा कुणी फारसं लक्ष दिलं नाही.

कोण होते चरणजित सिंग?

हिंदी सिनेमाच्या रेकॉर्डिंगमधले गिटार, बेस आणि सिंथेसायझर वादक. शंकर-जयकिशन, आर. डी. बर्मन यांच्याकडे त्यांनी वाजवलं, लग्नसमारंभांतही वाजवलं. फिल्मी गाण्यांच्या धून वाजवलेल्या त्यांच्या रेकॉर्ड्स आधी निघाल्या होत्या. पण १९८२ मधली ‘सिंथेसायझिंग : टेन रागाज टू अ डिस्को बीट’ वेगळी होती. तबला बाजूला ठेवायचा, डिस्कोचा ठेका लावायचा आणि त्यावर ललत, तोडी, यमन, मालकंस वाजवायचे, एवढीच कल्पना.

त्या यंत्रांत एवढं काय होतं?

ज्युपिटर-८ हा कीबोर्ड, टीआर-८०८ हे ठेक्याचं यंत्र आणि टीबी-३०३ ही चंदेरी डबी. खरी गंमत या डबीत आहे. बेस वाजवणारा साथीदार नसेल तर गिटारवाल्याला सराव करता यावा, म्हणून ती १९८१ मध्ये बनवली गेली. १६ घरांत एकेक स्वर भरायचा, मग ती तेच आवर्तन वाजवत राहते. एका वेळी एकच स्वर. आवाज खऱ्या बेससारखा येईना, म्हणून ती चालली नाही आणि १९८४ मध्ये बंद झाली.

पण रागाला कॉर्ड लागतच नाहीत, एका वेळी एक स्वर पुरतो. शिवाय या डबीत एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जायची सोय होती. तिला मींड म्हटलं तर गवई रागावतील, पण कानाला ती त्याच घरातली वाटते.

मग अ‍ॅसिड हाऊसचे जनक तेच का?

शिकागोत काही तरुणांनी ही डबी घेऊन तिची बटणं वाट्टेल तशी पिळली. १९८७ मध्ये फ्यूचर या गटाचं ‘अ‍ॅसिड ट्रॅक्स’ आलं आणि नव्या नृत्यसंगीताला नाव मिळालं. मुंबईची रेकॉर्ड त्यांच्यापर्यंत पोहोचल्याचा पुरावा नाही. त्यामुळे ‘जनक’ हा शब्द जरा जास्तच होतो. एकच यंत्र दोन ठिकाणी, दोन वेगळ्या कामांसाठी वापरलं गेलं आणि आवाज सारखा निघाला, इतकंच. मला तर हेच जास्त भारी वाटतं.

एडो बाऊमन या डच संग्राहकाला २००२ मध्ये दिल्लीत ही रेकॉर्ड सापडली. २०१० मध्ये त्यांनी ती पुन्हा काढली, तेव्हा अनेकांना ही थट्टाच वाटली. कुणीतरी आजच बनवून जुनी तारीख टाकलीय, असा संशय होता. सिंग तेव्हा सत्तरीच्या आसपास होते. नंतर युरोपातल्या मंचांवर त्यांनी हेच राग वाजवले. जुलै २०१५ मध्ये मुंबईत त्यांचं निधन झालं.

ऐकायचं असेल तर हेडफोन लावा. मोबाइलच्या स्पीकरवर टीबी-३०३चा खालचा आवाज ऐकूच येत नाही.