निखळलेला खांदा आणि झोळी

कबड्डीत किंवा दहीहंडीत निखळणारा खांदा बहुतेक वेळा पुढच्या बाजूला सरकतो. तो तिथेच ओढून बसवू नका. हाड मोडलेलं असेल, तर नस दुखावू शकते. आधी एक्स-रे, मग डॉक्टरांच्या हातून सांधा जागेवर, पुन्हा एक्स-रे. त्यानंतर हात झोळीत, साधारण 1 ते 3 आठवडे. उतारवयात त्याहून कमी, कारण खांदा लवकर आखडतो. बोटं आणि मनगट मात्र पहिल्या दिवसापासून हलवत राहा. जपानचे डॉ. इतोई यांनी झोळीऐवजी हात बाहेर वळवून ठेवणारा पट्टा पुढे आणला. सांध्याच्या खोबणीची फाटलेली कड हाडाला टेकावी, हा त्यामागचा विचार. नंतरच्या चाचण्यांत या पट्ट्याचा फायदा सगळीकडे दिसला नाही. विशीच्या आतल्या खेळाडूंचा खांदा पुन्हा निखळण्याची भीती सर्वाधिक. झोळी सुटली म्हणून त्यांना लगेच मैदानात उतरवू नका. आधी काही महिने स्नायूंचा व्यायाम हवाच.