समावर्तन म्हणजे परत येणे

मे-जून उजाडला की मंडळाच्या प्रत्येक कार्यक्रमात एक प्रश्न हमखास कानावर पडतो, "मग, संपलं का तुमच्याकडचं शिक्षण?" उत्तरही ठरलेले, "संपलं हो एकदाचं." आणि पेढा हातावर ठेवता ठेवता आई किंवा वडील क्षणभर गप्प होतात. बातमी आनंदाची, पेढाही दुलीराम-छाप गोड, मग ही हुरहूर कशाची? पोर दूर जाणार हे तर कारण आहेच, पण तेवढेच नाही. आपल्या परंपरेने शिक्षणाच्या सुरुवातीला आणि शेवटाला काय योजून ठेवले होते, हे पाहिले की गोष्ट जरा उलगडते.

मुंजीतले मातृभोजन आपण सर्वांनी पाहिले आहे. बटू आईच्या ताटात शेवटचे जेवतो. आजूबाजूला फोटोची घाई असते, मावश्या-काकवा घास भरवतात, पण मूळ अर्थ साधा आणि थोडा कठोर होता. उद्यापासून हा मुलगा गुरूचा, आईच्या ताटातला नाही. म्हणजे आईने निरोप द्यायचा तो मूल आठ वर्षांचे असताना, शिक्षण सुरू होताना. त्या ताटाशी बसून तिने डोळे पुसले तर कोणी हसत नसे, विधीतच त्याला जागा होती.

शिक्षण संपल्यावरचा विधी म्हणजे समावर्तन, आपल्या बोलीत सोडमुंज. या शब्दाचा अर्थच 'परत येणे' असा आहे. मेखला सोडायची, स्नान करायचे (त्यावरून 'स्नातक' शब्द आला, जो आज पदवीधराला लावतात), नवी वस्त्रे, जोडा, छत्री, काठी घ्यायची आणि घरी यायचे. तैत्तिरीय उपनिषदाच्या शिक्षावल्लीत गुरूने निघणाऱ्या शिष्याला केलेला उपदेश आहे. खरे बोल, अभ्यास सोडू नकोस, आईवडिलांना देव मान, असा त्याचा आशय. आजच्या पदवीदान समारंभांतल्या भाषणांपेक्षा तो बराच आटोपशीर आहे, हे जाता जाता सांगायला हरकत नाही.

मुद्दा असा की जुन्या व्यवस्थेत शिक्षण संपणे म्हणजे घरात भर पडणे. आज नेमके उलटे झाले आहे. बालवाडीपासून पदवीपर्यंत मूल घरात असते, आपल्याच ताटात जेवते आणि शिक्षण संपले की जाते. निरोपाचा क्षण विसाव्या-बाविसाव्या वर्षापर्यंत पुढे सरकला, विधी मात्र जुन्याच जागी राहिले. मातृभोजन होते तेव्हा निरोप नसतो, आणि खरा निरोप असतो तेव्हा ताट मांडलेले नसते. असतो तो रेल्वेचा फलाट नाहीतर विमानतळाचे दार.

सोडमुंजीत एक गमतीचा भाग आहे. मुलगा छत्री-काठी घेऊन काशीला निघतो. मामा आडवा येतो, माझी मुलगी देतो म्हणतो आणि त्याला परत आणतो. सगळे हसतात. पण शिकून सवरून झालेले पोर घराकडे पाठ फिरवू शकते, ही धास्ती त्या थट्टेत लपलेली आहे.

बडोद्यात हे एकदा खरोखर घडले. विनायक नरहर भावे, म्हणजे पुढचे विनोबा, इथल्या शाळेत आणि बडोदा कॉलेजात शिकले. कॉलेजात असताना एक दिवस ते चुलीपाशी बसून आपली प्रमाणपत्रे जाळू लागले. आईने, रुक्मिणीबाईंनी विचारले, तेव्हा ते म्हणाले की आता यांची गरज नाही. आईचे म्हणणे, गरज नसली तरी ठेवायला काय हरकत आहे? कुठल्याही आईने हेच विचारले असते. पुढे मार्च १९१६ मध्ये इंटरच्या परीक्षेसाठी ते मुंबईच्या गाडीत बसले, सुरतेला उतरले आणि काशीला गेले. घरी वडिलांना पत्र तेवढे आले. वाटेत आडवा यायला कोणी मामा नव्हता. दोन वर्षांनी, १९१८ मध्ये, रुक्मिणीबाई गेल्या. संस्कृत कळत नाही, मराठीत गीता हवी, असे त्या मुलाला म्हणाल्या होत्या. 'गीताई' १९३२ साली छापून आली.

आपल्या गावात ही हुरहूर तशी नवी आहे, आणि त्याला कारण आहे. सयाजीरावांच्या राज्यात शिक्षण आणि नोकरी यांचे अंतर फार नव्हते. १८८१ मध्ये कॉलेज निघाले, १९०६ पासून राज्यभर प्राथमिक शिक्षण सक्तीचे झाले. शिकलेला मराठी मुलगा कोठी कचेरीत, शाळेत, नाहीतर महालात चिकटत असे. राज्य १९४९ मध्ये विलीन झाले, त्याच वर्षी विद्यापीठ उभे राहिले, हंसाबेन मेहता कुलगुरू झाल्या. साठ-सत्तरच्या दशकांत रिफायनरी, खत कारखाना, आयपीसीएल आले. म्हणजे आमच्या पिढीपर्यंत दांडिया बाजारात राहून शिकावे आणि सायकलने किंवा कंपनीच्या बसने नोकरीला जावे, असे चालले. आमच्या आईवडिलांना आमचे शिक्षण संपल्याचे वाईट वाटायला कारणच नव्हते, आम्ही कुठे गेलो होतो? आता पोरे पुणे, बंगळुरू, हैदराबाद आणि त्यापलीकडे जातात.

जाताना आणखी एक गोष्ट जाते. आपल्या मुलांचे शिक्षण इंग्रजीत किंवा गुजरातीत झाले, मित्रांशी गुजराती-हिंदी. मराठी फक्त घरात, आईवडिलांशी आणि आजीशी. महाराष्ट्रात राहणाऱ्याचे मूल बाहेरगावी गेले तर घरातला एक माणूस कमी होतो. आपल्याकडे मराठी बोलणाऱ्यांतला एक कमी होतो, आणि घरात दोघेच उरले की बोलणे असेही कमीच होते. फोनवर रोज दहा मिनिटे मराठी हे त्यामुळे नुसते ख्यालीखुशालीचे बोलणे नसते.

मुलींच्या बाबतीत तर परंपरेने काहीच सांगितलेले नाही. त्यांना सोडमुंज नव्हती, होती ती पाठवणी, लग्नानंतरची. मुलगी आता पदवी घेऊन लग्नाआधी चार-पाच वर्षे घर सोडते. लग्नात पाठवणीच्या वेळी तिचे आईवडील रडत नाहीत म्हणून नातेवाईक कुजबुजतात. त्यांचे रडून झालेले असते, ती पहिल्या नोकरीसाठी गेली त्या रात्री, कोणाला न सांगता.

अलीकडे काही घरांत निघण्याच्या आदल्या संध्याकाळी साधे औक्षण करतात, आणि आई-मुलगा किंवा आई-मुलगी एका ताटात जेवतात. भटजी नाहीत, हॉल नाही. मला हे फार योग्य वाटते. वडिलांनीही त्या ताटाला बसावे, दाराशी बॅगेचे वजन करत उभे राहू नये.

कागदांचे म्हणाल तर रुक्मिणीबाईंचेच ऐकावे. शाळा सोडल्याचा दाखला, दहावी-बारावीच्या आणि पदवीच्या मूळ गुणपत्रिका एका फाइलमध्ये, झेरॉक्सचे दोन संच वेगळे, आणि मूळ प्रती शक्यतो घरीच. गुजरात बोर्डाच्या कागदांवर आडनाव आधी येते, पासपोर्टशी ते जुळते का हे मूल घरी असतानाच पाहून घ्या. वह्यांपैकी पहिलीची एक आणि शेवटच्या वर्षाची एक ठेवली तरी पुरे, बाकीच्या रद्दीत जाऊ द्या. कंपासपेटीचा निर्णय ज्याने त्याने घ्यावा.