पासीघाट ते सरस्वतीपुरम

म्हैसूरच्या सरस्वतीपुरममध्ये, आमच्या कोपऱ्यावर या जूनमध्ये एक नवा फलक लागला: ईशान्येच्या विद्यार्थ्यांना थेट प्रवेश, शिष्यवृत्तीची हमी. जी हमी खुद्द सरकार देत नाही ती यांना कुठून मिळाली, हे विचारायला मी आत गेले. एसी, सोफा, भिंतीवर कॉलेजांच्या नावांचा तक्ता. मुलामागे कॉलेजकडून कमिशन मिळतं, हे तिथल्या पोरीनं भाजीचा भाव सांगावा तसं सांगून टाकलं. तेव्हापासून डोक्यात जुनी वर्षं घोळताहेत.

अरुणाचलच्या उच्च शिक्षणाचा इतिहास लांबलचक नाही, आणि त्यातला बराचसा कोनशिलांचाच आहे. अरुणाचलचं नाव नेफा होतं तेव्हा, १९६४ मध्ये, पासीघाटला पहिलं महाविद्यालय निघालं. १९७७ मध्ये आपल्या एकनाथजी रानड्यांच्या विवेकानंद केंद्रानं तिकडे शाळा काढल्या; मराठी माणूस हे छाती फुगवून सांगतो, सांगावंही. १९८४ मध्ये रोनो हिल्सवर विद्यापीठाची पायाभरणी, १९८७ मध्ये राज्याचा दर्जा. पुढची वीसेक वर्षं मी सरळ ओलांडते. बारावी झालेल्या पोरांची संख्या वाढत गेली, आणि ‘पुढे काय’ला उत्तर मात्र तोकडंच राहिलं. नाहरलगुनला वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं ते थेट २०१८ मध्ये. तोवर डॉक्टर व्हायचं तर केंद्रीय कोट्यातल्या मोजक्या जागा, नाहीतर बापानं जमीन विकायची.

त्यामुळे मुलं बाहेर पडली. माझ्या वाट्याला आलं ते २००५ ते २०१५ हे दशक. बंगळूरपेक्षा म्हैसूर स्वस्त, हवा बरी, आणि १९१६ पासूनचं विद्यापीठ. पण खरं कारण यातलं एकही नव्हतं. कुणाचा तरी मावसभाऊ आधी इथे आलेला असायचा, एवढंच. तो आला की जमातीतल्या आणखी दोघांना कळायचं, मग वर्गात चार. पुण्यात वारावर जेवून शिकलेल्या माणसाची मी नात, त्यामुळे वरची खोली या मुलांना देताना मला फार विचार करावा लागला नाही. गल्लीला करावा लागला. आंबवलेल्या बांबूच्या कोंबांचा वास जिन्यात उतरला की समोरच्या बाई खिडक्या लावून घ्यायच्या. त्यांच्या घरी सुकं बोंबील भाजलं जायचं तेव्हा मी कधी लावल्या नाहीत, हे इथे नोंदवून ठेवते.

मुलगा आला की त्याच्याबरोबर एक प्लास्टिकचं फोल्डर यायचं. आत जमातीचा दाखला, रहिवासाचा दाखला, गुणपत्रिका, प्रत्येकाच्या दहा-दहा झेरॉक्स, आणि इटानगरच्या कुठल्या तरी टेबलावरून आलेला शिष्यवृत्तीचा अर्ज. त्यावर इथल्या कॉलेजचं बोनाफाईड हवं असे. कारकून म्हणायचा, आमचा नमुना वेगळा आहे. तिकडचं खातं म्हणायचं, आमचाच नमुना हवा. मध्ये टपाल. पहिल्या वर्षाचे पैसे दुसऱ्या वर्षी आले तर मुलं मिठाई आणायची. योजना नव्हती असं कधीच नव्हतं; अनुसूचित जमातींसाठीची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती जुनीच आहे. ती कुठे, कधी, कुणाकडे मागायची हे सांगणारं माणूस नव्हतं. ते काम आधीच्या वर्षीची मुलं करायची, मेसमध्ये, जेवता जेवता, फुकट.

ही साखळी तुटली २०१२ च्या ऑगस्टमध्ये. जुलैत आसामात कोक्राझारला दंगली झाल्या, इकडे ईशान्येच्या लोकांवर हल्ले होणार अशा अफवा उठल्या, आणि १४ ऑगस्टला आमच्याच म्हैसुरात एका तिबेटी विद्यार्थ्याला भोसकलं. दुसऱ्या दिवसापासून बंगळूरहून गुवाहाटीला खास गाड्या सुटू लागल्या. राज्याचे तेव्हाचे गृहमंत्री आर. अशोक स्टेशनावर जाऊन थांबा म्हणून विनवत होते, केंद्र सरकारनं घाऊक एसएमएस बंद करून दिवसाला पाचांची मर्यादा घातली. वरच्या खोलीतली दोघं टिपू एक्सप्रेसनं बंगळूरला निघाली. मी सोडायला गेले होते. एकाच्या हातात फक्त ते फोल्डर होतं. कपडे राहिले तरी चालतील, म्हणाला. दंगल काही इथे झाली नाही. पण चौथ्या दिवशी आमच्या गल्लीतल्या एका घरमालकानं रिकाम्या खोलीला ‘टु लेट’ लावलं आणि मुलांचा ॲडव्हान्स गिळला. मला त्या आठवड्यातल्या अफवेपेक्षा तो अधिक लक्षात आहे. बरीच मुलं परतली. माझ्याकडचा एक परतला नाही, आणि त्याच्या शिष्यवृत्तीचा धनादेश आला तो गैरहजेरीच्या शेऱ्यासह परत गेला.

नंतर सरकारला जाग आली, हे खरंच. २०१४-१५ पासून यूजीसीची ‘ईशान उदय’: वर्षाला ईशान्येच्या दहा हजार मुलांना, साध्या पदवीला महिना आधी ३,५०० आणि पुढे ५,४०० रुपये, तांत्रिक-व्यावसायिक शिक्षणाला आधी ५,०००, पुढे ७,८००. तेव्हा त्यात खोली आणि मेस भागायची. भाडी वाढत गेली, रक्कम वर्षानुवर्षं तिथेच. २०१५ मध्ये राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टल आलं. टपाल संपलं, डीडी संपला. आता माझ्यासारख्यांची गरज नाही, असं मला वाटलं, आणि बरंही वाटलं.

गेल्या वर्षी वर एक मुलगी होती, मेचुका भागातली, बीएस्सीची. आधारवर तिच्या कुळाच्या नावाचं एक स्पेलिंग, जमातीच्या दाखल्यावर दुसरं. अर्ज ‘सदोष’. हेल्पलाइनला विचारलं तर दाखला जिथून निघाला तिथे जाऊन दुरुस्त करा, म्हणाले. आम्ही दोघी कागद घेऊन बसलो: बंगळूरपर्यंत गाडी, गुवाहाटीपर्यंत दोन रात्रींहून जास्त, पुढे नाहरलगुन, मग डोंगरात सुमो, आणि तेच सगळं उलट. बुडणारी प्रात्यक्षिकं वेगळी. बेरीज शिष्यवृत्तीच्या दोन हप्त्यांच्या वर गेली. ती गेली नाही. हुणसूर रोडवरच्या एका बेकरीत संध्याकाळी काउंटरवर उभी राहून तिनं ते वर्ष काढलं, आणि प्रथम वर्गात पास झाली.